जावईबापूंनी पिन काढली

उंबरगव्हाण गावात एक भोळा जावई राहायला आला. तसे जावई प्रत्येक गावाला असतात आणि त्यातले पुष्कळसे भोळेही असतात. पण ते दिवाळीला येतात, पुरणपोळी खातात आणि तिसऱ्या दिवशी एसटीनं परत जातात. हा परत जाणारा नव्हता. हा घरजावई होता.

नाव मुकिंदा. वय पस्तीस. अंगानं धिप्पाड, मनानं निर्मळ. कान तर इतके चांगले की ऐकलेला शब्द जसाच्या तसा आत जायचा. वाटेत त्याला अडवणारं कोणी नव्हतं.

आपल्या गावी तो कोंडवाड्यावर राखणदार होता. मोकाट जनावर दिसलं की आत घालायचं, एवढंच काम. तीन वर्षं बरं चाललं. मग एकदा पारावरचे लोक सोसायटीच्या चेअरमनच्या मेहुण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा निव्वळ बैल आहे. गावभर मोकाट फिरतो." मुकिंदानं मेहुण्याला उचललं, कोंडवाड्यात घातलं, पुढ्यात कडब्याची पेंढी टाकली आणि कुलूप लावलं. संध्याकाळी मेहुणा कोंडवाड्याच्या बाहेर आला आणि मुकिंदा नोकरीच्या बाहेर.

म्हणून त्याची बायको इंदू त्याला घेऊन माहेरी आली.

इंदूचे वडील ज्ञानबा मिस्त्री. सुतार. घरापुढे पत्र्याची शेड, तिला सगळे कारखाना म्हणत. आत विजेवर चालणारं कटर, ड्रिल, ग्राइंडर, रंधा. ज्ञानबाच्या उजव्या हाताला पाच बोटं होती आणि डाव्या हाताला साडेतीन. उरलेलं दीड बोट बावीस वर्षांपूर्वी कटरनं ठेवून घेतलं होतं. तेव्हापासून ज्ञानबा सुरक्षेवर बोलायला लागला की कीर्तनकारानं पेटी बंद करून ऐकत बसावं. गावाला त्याचे सगळे नियम पाठ होते. पाळत कोणी नव्हतं, तो भाग वेगळा.

मुकिंदाला कारखान्यात घ्यायचं ठरलं तेव्हा ज्ञानबाचा घास घशात अडकला.

"लेकीचं कुंकू या माणसाच्या हातात," तो बायकोला म्हणाला, "आणि आता या माणसाच्या हातात मी ग्राइंडर देऊ?"

"मग नीट शिकवा," गिरजाबाई म्हणाली. "तुमचं ऐकणारं माणूस या घरात पहिल्यांदाच आलंय."

अडचण एकच होती. मुकिंदा जावई होता. कामगाराला शिवी देता येते. पोराच्या पाठीत रट्टा घालता येतो. जावयाला फार तर चहा देता येतो.

पहिल्या दिवशी ज्ञानबानं त्याला ड्रिल दाखवलं.

"जावईबापू, हा पहिला नियम. यंत्राला हात लावायच्या आधी पिन काढायची. विसरणार नाही ना?"

"नाही मामा."

मुकिंदानं खिशातून रुमाल काढला आणि त्याला गाठ मारली. सांगितलेलं विसरू नये म्हणून तो प्रत्येक शिकवणीला एक गाठ मारायचा. ज्ञानबाला ते फार आवडलं. माणूस निष्ठावान आहे, असं त्याला वाटलं. आणि ते खरंच होतं. पुढचं सगळं त्या निष्ठेनंच झालं.

ज्ञानबानं एका बाकाचे चार पाय त्याच्यापुढे ठेवले. प्रत्येक पायावर पेन्सिलीनं दोन खुणा केल्या. "इथं भोकं पाडून ठेवा," म्हणाला आणि बिजागऱ्या आणायला तालुक्याला गेला.

दुपारी परत आला तर मुकिंदा घामानं निथळत होता. ड्रिल त्यानं लाकडावर टेकवलं होतं आणि मागून छातीनं रेटत होता. मधेच गुडघा लावत होता.

"पडली का भोकं?" ज्ञानबानं विचारलं.

"पडतायत मामा. लाकूड जरा हट्टी आहे."

ज्ञानबानं पाहिलं. ड्रिलच्या वायरीची सुंदर गुंडाळी करून ती खिळ्याला टांगलेली होती.

"जावईबापू, पिन कुठं आहे?"

"काढली. तुम्हीच सांगितलंत."

"अहो, पण विजेशिवाय यंत्र चालेल कसं?"

मुकिंदानं थोडा विचार केला. "मलाही तसं वाटलं होतं मामा. पण म्हटलं, आपल्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं."

ज्ञानबानं दात आवळले. समोर कामगार असता तर तोंड सोडलं असतं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "सांगायचं राहिलं. काम करताना पिन लावलेली पाहिजे. यंत्र उघडायचं असेल ना, तेव्हा काढायची. उघडायच्या आधी काढायची. आलं लक्षात?"

"आलं."

मुकिंदानं रुमालाला दुसरी गाठ मारली. इंदूनं चहा आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाई कणीक मळत होती. दोन्ही हात पिठात. ती म्हणाली, "जावईबापू, जरा फ्रीज उघडून दुधाचं पातेलं देता का?"

मुकिंदा उठला. फ्रीजही यंत्रच. उघडायच्या आधी पिन काढायची. त्यानं पिन काढली, फ्रीज उघडला, पातेलं दिलं, फ्रीजचं दार लावलं. पिन परत लावायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं लावली नाही.

नेमक्या त्याच दिवशी मायलेकी शेजारच्या गावी बारशाला गेल्या आणि दोन दिवस राहिल्या. त्या फ्रीजमध्ये गिरजाबाईनं पाहुण्यारावळ्यांसाठी सहा डबे आमरस साठवला होता. घरात राहिले दोघे पुरुष. पुरुषांना फ्रीज बंद आहे हे कळायला तो त्यांच्या अंगावर पडावा लागतो.

तिसऱ्या दिवशी वास सुटला.

ज्ञानबाला वाटलं, उंदीर मेला. त्यानं शेडमधल्या सगळ्या फळ्या हलवल्या. मुकिंदानंही मदत केली. उंदीर शोधण्यात तोच सगळ्यांत पुढे होता. भुशाची पोती उपसली, पत्र्याखाली बॅटरी मारून पाहिली. उंदीर सापडला, पण तो जिवंत होता आणि त्यालाही वास सहन होत नसावा, कारण तो स्वतःहून निघून गेला.

दुपारी मायलेकी आल्या. गिरजाबाईनं फ्रीज उघडला आणि फुगलेल्या डब्याचं झाकण उडून तिच्या कपाळावर बसलं.

"पिन कोणी काढली?"

"मी," मुकिंदा अभिमानानं म्हणाला. "उघडायच्या आधी काढायची. मामांनीच सांगितलं."

गिरजाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे असं तीनदाच पाहिलं होतं. मग ती जावयाकडे वळून म्हणाली, "काढली तर परत लावायला नको? घरात कुठंही पिन निघालेली दिसली, की ती आधी लावून टाकायची! कळलं?"

"कळलं मामी."

हे वाक्य धोक्याचं आहे, असं ज्ञानबाच्या मनात चमकून गेलं. पण आमरसाच्या त्या वासात माणसाला मान हलवण्यापलीकडे काही सुचत नाही. त्यानं मान हलवली. मुकिंदानं तिसरी गाठ मारली.

त्या दिवसांत ज्ञानबाकडे एक मोठं काम होतं. ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहाचा दरवाजा. सागवानी, दोन फळ्यांचा, वर मोरांची जोडी कोरलेली. चार दिवसांनी तो बसवायचा होता. ज्ञानबा ग्राइंडर घेऊन त्याच्या लोखंडी कडीची धार घासत बसला होता. मधेच लाइट गेली.

ज्ञानबानं नियमाप्रमाणे पिन काढली. लाइट येईपर्यंत झिजलेली चकती बदलून घ्यावी, असा विचार केला. विचार चांगला होता. फक्त ग्राइंडरचं बटण चालूच राहिलं होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं की स्वतःला शिकवायचं राहून जातं.

त्यानं जुनी चकती काढली. ग्राइंडर मांडीजवळ ठेवला आणि नवी चकती घ्यायला वाकला. खांद्यावर उपरणं होतं, त्याचा पदर खाली लोंबत होता. तेवढ्यात लाइट आली आणि लाइटबरोबर चहाचा कप घेऊन मुकिंदाही आला.

मुकिंदाला काय दिसलं? पिन निघालेली.

"बरं झालं मी आलो," तो म्हणाला आणि त्यानं पिन लावली.

ग्राइंडर बेडकासारखा उडाला. पहिल्या उडीत त्यानं ज्ञानबाचं उपरणं धरलं. दुसऱ्या उडीत ते सगळं गिळलं. मग तो फरशीवर नाचत, चिंध्या उडवत, ज्ञानबाच्या मागे शेडभर फिरला. ज्ञानबा साठीचा होता, पण त्या दिवशी तो दरवाज्याच्या फळीवर एका ढांगेत चढला. मुकिंदा कप सांभाळत बाजूला उभा होता. त्यानं चहाचा एक थेंब सांडू दिला नाही.

इंदू धावत आली आणि तिनं पिन उपसली.

ज्ञानबानं आधी आपली बोटं मोजली. साडेआठ भरली. मग तो खाली उतरला.

"जावईबापू," तो हळूच म्हणाला, "मी यंत्र उघडून बसलो होतो."

"हो. पण पिन निघालेली दिसली. मामींनी सांगितलं होतं."

"पिन मी काढली होती."

"तेच ना. तुम्ही काढलीत, पण लावायला विसरलात."

ज्ञानबा मटकन बाकावर बसला. इंदू म्हणाली, "दादा, उपरण्यावर निभावलं म्हणा. गळ्यात गुंडाळलेलं असतं तर?"

ज्ञानबाच्या अंगावर काटा आला. लेक खरं बोलत होती. चूक त्याचीही होती. "ऐका जावईबापू," तो कळवळून म्हणाला, "दुसऱ्यानं काढलेली पिन त्याला विचारल्याशिवाय लावायची नाही. आणि आणखी एक. फिरतं यंत्र जिथं असेल तिथं अंगावर सैल कपडा ठेवायचा नाही. सैल असेल ते आधी काढून ठेवायचं. मी ठेवलं नाही, बघा काय झालं."

मुकिंदानं दोन गाठी मारल्या. रुमाल आता लसणाच्या गड्ड्यासारखा दिसू लागला होता.

दरवाजा होईपर्यंत या माणसाला कारखान्यापासून लांब ठेवायचं, असं ज्ञानबानं ठरवलं. गिरजाबाईनं ज्वारीचा डबा भरला आणि मुकिंदाला गिरणीत धाडलं. दळण आणायला काही अक्कल लागत नाही, असा गावात समज होता.

गिरणी केवळबाईची. तिचा नवरा वारल्यापासून ती एकटी चालवायची. दुपारची वेळ होती. सात-आठ बायका डबे मांडून रांगेत बसल्या होत्या. त्यांच्यात हेडमास्तरांची बायकोही होती. मोटार घरघरत होती आणि तिचा लांबलचक पट्टा गरगर फिरत होता.

मुकिंदानं दारातच पट्टा पाहिला. फिरतं यंत्र.

त्यानं डबा खाली ठेवला. अंगातला सदरा चाचपून पाहिला. सैल होता. काढला, घडी केली. मग लेंगा पाहिला. लेंगा तर सदऱ्याहून सैल. सासरी जेवण भरपूर मिळतं म्हणून इंदूनं मुद्दाम ढगळ शिवून घेतला होता. मुकिंदानं नाडी सोडली.

पट्टेरी चड्डीवर उभं राहून त्यानं लेंग्याची नीट घडी घातली आणि जवळ बसलेल्या हेडमास्तरीणबाईंच्या पुढे धरली. "वहिनी, एवढं जरा सांभाळा. यंत्रात जायला नको."

मग त्यानं रांगेकडे नजर टाकली आणि काळजीनं म्हणाला, "तुम्ही पण सगळ्या सैलच नेसलाय की!"

एवढं ऐकायला कोणी थांबलं नाही. डबे कलंडले, पीठ उडालं, चपला राहिल्या आणि बायका गेल्या. केवळबाई मोटारीमागे लपली आणि तिनं पिठाचा झाडू उगारला. मुकिंदाला तिची तक्रार कळली नाही, पण रांग संपलेली दिसली. त्यानं आपली ज्वारी ओतली, दळून घेतली, डबा डोक्यावर घेतला आणि भर रस्त्यानं नखशिखांत पांढरा होऊन घरी आला. कपडे हेडमास्तरांच्या घरी गेले होते. ते घ्यायला जायला कोणी धजेना.

"पीठ मात्र बारीक आलंय," गिरजाबाई म्हणाली.

"जावईबापू," ज्ञानबानं डोळे मिटून विचारलं, "लेंगा का काढलात?"

"सैल होता. तुम्हीच सांगितलंत."

"चुकलं माझं," ज्ञानबा म्हणाला. हे वाक्य आता त्याला पाठ झालं होतं. "आधी हातपाय धुऊन घ्या."

मुकिंदानं हातपाय धुतले. ओल्या हातानंच आत आला आणि अंधार वाटला म्हणून दिव्याचं बटण दाबायला गेला. ज्ञानबा किंचाळला, "थांबा! ओल्या हातानं बटणाला हात लावायचा नाही! कधीच नाही! मरायचंय का?"

मुकिंदा जागच्या जागी गोठला. रुमाल सदऱ्याच्या खिशात गेला होता म्हणून त्यानं चड्डीच्या नाडीच्या टोकाला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच सुलोचनाबाई दरवाजा पाहायला आल्या. बरोबर दोन सदस्य. ज्ञानबानं फळीवरचा भुसा झटकला, मोरांवरून फडकं फिरवलं. तेवढ्यात मुकिंदा न्हाणीतून आला. अंगात नवा सदरा, पण गळ्यापासून बेंबीपर्यंत उघडा. दोन्ही हात त्यानं खांद्याच्या वर धरले होते. हातांतून पाणी टपकत होतं.

"नमस्कार सरपंचबाई," तो तसाच पुढे होऊन म्हणाला.

"जावईबापू!" ज्ञानबा दबक्या आवाजात ओरडला. "बटणं लावा!"

"हात ओले आहेत मामा."

"मग?"

"ओल्या हातानं बटणाला हात लावायचा नाही. मरायचंय का?"

सुलोचनाबाईंनी दरवाज्याकडे पाहायला सुरुवात केली. आयुष्यात कुठलाही दरवाजा त्यांनी इतक्या लक्षपूर्वक पाहिला नसेल. मोराच्या पिसाऱ्यातलं एकेक पीस त्यांनी न्याहाळलं आणि मान न वळवता त्या म्हणाल्या, "फार सुंदर झालंय मिस्त्री. रविवारी उद्घाटन. माजी सभापती आबासाहेब दुधभाते येणार आहेत. आणि त्यांच्या हस्ते तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ. तुम्ही स्टेजवर बसायचं."

चाळीस वर्षं ज्ञानबानं दरवाजे बनवले होते. त्या दरवाज्यांतून लोक हार घालून आत गेले आणि तो बाहेर भुसा झाडत उभा राहिला. शाळेच्या दरवाज्याच्या वेळी तर त्याला पेढाही मिळाला नव्हता. आता चार लोकांत त्याचं नाव पुकारणार होते. गिरजाबाईनं लगेच ट्रंकेतला कोट उन्हात टाकला.

पण ज्ञानबाला झोप येईना. रविवारी मंडप असणार. मंडपात वायरी असणार, फोकस असणार, माइक असणार. आणि मुकिंदाही असणार. सासऱ्याच्या सत्काराला जावयाला घरी कोंडून ठेवलं तर गाव काय म्हणेल?

शनिवारी त्यानं मुकिंदाला समोर बसवलं. आजवर आपण तुकड्या-तुकड्यानं शिकवलं, तिथंच घात झाला, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आता एकच धडा, पण पुरता. कुठंही फट ठेवायची नाही.

"जावईबापू, वाईटात वाईट काय होतं ते सांगतो. माणसाला करंट लागतो. करंट लागलेला माणूस कसा ओळखायचा? तो थरथर कापतो. हातात धरलेली वस्तू त्याला सोडता येत नाही. मग करायचं काय? आधी मेन स्विच बंद. तेवढ्यानं नाही सुटला, तर सुकं लाकूड घ्यायचं आणि त्या लाकडानं त्याला बाजूला ढकलायचं. जोरात. आणि काही झालं तरी त्याला हात लावायचा नाही. जो हात लावेल तोही चिकटतो."

"आणि माणूस मोठा असला तर? मानाचा?"

"मानाचा असो, नाही तर आणखी कोणी. तिथं लाज धरायची नाही. जीव महत्त्वाचा."

ज्ञानबानं तीनदा म्हणवून घेतलं. मुकिंदानं तिन्ही वेळा अक्षर न चुकवता म्हणून दाखवलं. "शाब्बास!" ज्ञानबा म्हणाला. लग्नानंतर त्यानं जावयाला पहिल्यांदा शाब्बास म्हटलं होतं. मुकिंदाचे डोळे पाणावले. गाठ मारायचीही त्याला गरज वाटली नाही.

रविवारी सभागृह गच्च भरलं. दरवाज्याला झेंडूचं तोरण. येणारा प्रत्येक जण मोरांवरून हात फिरवून आत येत होता आणि स्टेजवर कोट घालून बसलेला ज्ञानबा ते पाहत होता. इंदू आणि गिरजाबाई बायकांत बसल्या होत्या. मुकिंदाला भिंतीकडेला, पुरुषांच्या पहिल्या ओळीत जागा मिळाली होती. तो हाताची घडी घालून बसला होता. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली होती. ज्ञानबाला बरं वाटलं.

आबासाहेब दुधभाते बोलायला उभे राहिले. आबासाहेबांचं भाषण तालुक्यात प्रसिद्ध होतं. निवडणूक ते तीनदा हरले होते, पण भाषणात कधीच हरले नव्हते. आधी ते हळू बोलत. मग आवाज चढे. मग दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरत, डोळे मिटत आणि भावनेनं नखशिखांत थरथरत. बायका रडत. आबासाहेबही रडत. त्यातलं खरं कोण रडतंय हे शेवटपर्यंत कळत नसे.

"लोक मला म्हणतात, आबासाहेब, आता थांबा!" आबासाहेबांनी माइक आवळला. "शहरात चला! बंगल्यात राहा!" ते कापू लागले. माइकनंही कुईईई केलं. "पण कसा जाऊ? मला सोडवत नाही हो! हिनं मला धरून ठेवलंय! या मातीनं! मी सुटू म्हणतो, पण सुटता येत नाही!"

सभेत हुंदका उठला. पहिल्या ओळीत मुकिंदा उठला.

ज्ञानबाला तो उठताना दिसला. त्यानं स्टेजवरूनच हातानं खूण केली, बसा, बसा. मुकिंदानंही हातानं खूण केली. काळजी करू नका, माझ्या लक्षात आलंय.

तो शांतपणे भिंतीवरच्या बोर्डाकडे गेला आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला.

पंखे थांबले. फोकस विझले. माइक मुका झाला. दुसरा कोणी असता तर खाली बसला असता. पण आबासाहेब मुरलेले वक्ते होते. माइकशिवायही आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जातो हे दाखवायची संधी ते कशी सोडतील? त्यांनी दांडा आणखी घट्ट आवळला आणि दुप्पट कापत ओरडले, "वीज गेली तरी बेहत्तर! मी सुटणार नाही! सुटणार नाही!"

मुकिंदाचा चेहरा गंभीर झाला. मेन बंद करूनही सुटत नाही म्हणजे पुढची पायरी. सुकं लाकूड. त्यानं इकडे-तिकडे पाहिलं. दरवाज्यामागं, दार आतून बंद करायचा नवाकोरा अडसर उभा होता. सागवानी, चार हात लांब, दोन वर्षं वाळवलेला. गावात त्याहून सुकं लाकूड नव्हतं.

"जावईबापू, नाही!" ज्ञानबा ओरडला. सभेला वाटलं, म्हातारा भाषणानं भारावला. टाळ्या पडल्या.

टाळ्यांच्या गजरात मुकिंदा अडसर घेऊन स्टेजवर चढला. लाज धरायची नाही, जोरात ढकलायचं. त्यानं आबासाहेबांच्या बरगडीला अडसर लावला आणि ढकललं. आबासाहेब माइकसकट सत्काराच्या टेबलावर गेले. टेबल त्यांच्यासकट आडवं झालं. नारळ गडगडत बायकांत गेले.

ज्ञानबा धावला. त्यानं आबासाहेबांना दोन्ही दंडांना धरून उठवायला सुरुवात केली. संतापानं आणि लाजेनं त्याचं सगळं अंग कापत होतं.

मुकिंदाच्या काळजाचं पाणी झालं. "मामा!" तो ओरडला. "हात लावू नका म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना!"

पण मामा चिकटले होते. कापत होते. आबासाहेबांना सोडत नव्हते. ज्ञानबाला शाल मिळायच्या आधी अडसर मिळाला. तो पडला तसे सुलोचनाबाईंनी त्याचा हात धरला. त्याही चिकटल्या. त्यांना ओढायला दोन सदस्य आले. ते एकमेकांना चिकटले. हेडमास्तर मुकिंदाचा लेंगा परत करायचा म्हणून कागदात बांधून घेऊन आले होते. ते पुडकं हातात घेऊन मधे पडले आणि त्यांनी सदस्याची बंडी धरली. मुकिंदानं कोणाला निवडलं नाही आणि कोणाला वगळलं नाही. मान पाहिला नाही, पद पाहिलं नाही. प्रत्येकाला अडसर लावला आणि प्रत्येकाला जोरात बाजूला केलं.

शेवटी स्टेजवर उभा असा तो एकटाच उरला. खाली हार, खुर्च्या, नारळ, टोप्या आणि मान्यवर यांचा ढीग होता. ढिगातून कण्हणं येत होतं. बायकांच्या घोळक्यात इंदूनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता.

मुकिंदानं अडसर भिंतीला टेकवला. कपाळावरचा घाम पुसला. कोणाचंच थरथरणं आता दिसत नाही, हे वाकून एकदा नीट पाहून घेतलं. मग सभेकडे वळून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, तो धीर देत म्हणाला, "घाबरू नका मंडळी. सगळे सुटले."